तबकडीबाहेरचा पोवाडा

गडहिंग्लज तालुक्याच्या दक्षिण अंगाला, चंदगडच्या सीमेनजीक, घटप्रभेच्या खोऱ्यात वसलेल्या नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, जे घडले ते महाराष्ट्रातील असंख्य माणसांना तोंडपाठ आहे. परंतु त्यांपैकी बहुतेकांनी ना ती खिंड पाहिली, ना त्या प्रसंगाचा कागदोपत्री दाखला कधी चाळला. त्यांनी तो प्रसंग ऐकला. कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता, हृदयनाथ मंगेशकरांनी तिला दिलेली चाल आणि लता मंगेशकरांचा कंठ या तिहींच्या योगाने सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी घराघरांत पोहोचले, आणि ज्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हे गीत आले ती शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, म्हणजे 1974 साली, प्रसिद्ध झाली. एखाद्या गावाची कीर्ती एका तबकडीवर इतकी अवलंबून असावी, असे दुसरे उदाहरण आपल्या मुलखात मला तरी आठवत नाही.

इतिहासाच्या दप्तरात हा प्रसंग फार थोडक्यात नोंदला गेला आहे. उमराणीच्या रणात कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानास प्रतापरावांनी जीवदान देऊन सोडले, खान पुन्हा मुलूख मारीत उलटला, आणि शिवाजी महाराजांच्या पत्रातील ठपका जिव्हारी लागलेल्या सरनौबताने नेसरीपाशी त्याची गाठ घातली, इतके सूत्र सर्वपरिचित आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ते एक मोठे युद्ध म्हणून येते. सात हा आकडा मात्र त्याच वर्षीच्या एका पत्रातून बळकट होतो: मुंबईकर इंग्रजांच्या चाकरीतील नारायण शेणवी याने मराठ्यांचा सेनापती दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत सहा स्वारांनिशी पडला आणि उरलेली फौज त्याच्या पाठोपाठ आली नाही, अशी बातमी आपल्या धन्यांस कळविली. एका वकिलाने कामकाजाच्या ओघात लिहिलेली ती कोरडी वार्ता आहे. तिच्यात त्या सहाजणांची नावेही नाहीत. अशा ओळीदीड ओळीच्या नोंदीतून तीनशे वर्षांनी लोकांच्या अंगावर रोमांच उभे करणारे गाणे निघते, ते मधल्या काळात कोणीतरी ही आठवण कंठात वागविली म्हणून. ती कोणी वागविली, आणि त्या वागविणाऱ्यांच्या वाट्याला तबकडी कितपत आली, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे. आणि ओघात काही ध्वनिमुद्रणांची शिफारसही मी मनापासून करणार आहे.

आठवण वागविणारी माणसे म्हणजे शाहीर. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा हे शिवकालाचेच होत. पुढे उत्तर पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम यांनी लावणी आणि पोवाडा या दोन्ही प्रकारांस बहर आणला. पेशवाई बुडाली, शाहिरांचे आश्रयदाते गेले, पण डफ आणि तुणतुणे गावोगाव उरले. मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीतील हॅरी ऑर्बथनॉट ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने जे ऐतिहासिक पोवाडे गोळा केले आणि 1891 मध्ये छापून काढले, ते पुष्कळ अंशी गोंधळ्यांच्या मुखातून उतरवून घेतलेले होते. वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला ज्याचे नाव आहे तोच हा ॲकवर्थ. त्याचे हे दुसरे ऋण आपण जवळजवळ विसरलो आहोत. छपाईने शब्द वाचले हे खरे, परंतु पोवाड्याचे अर्धे अंग शब्दांच्या बाहेर असते. शाहीर एक चौक गातो, मध्येच थांबून गद्यात कथा पुढे नेतो, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून एखादा तपशील वाढवितो, आणि मागे उभे असलेले झीलकरी त्याची शेवटची ओळ झेलून त्याला दम घेण्यास अवकाश देतात. हा सारा व्यवहार तास दीड तास चालतो आणि दर खेपेला निराळा होतो.

अशा कलेसमोर ग्रामोफोन आला तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मेणाच्या चकतीवर उतरविला, आणि थोड्याच वर्षांत कलकत्त्याजवळ तबकड्यांचा कारखानाही उभा राहिला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ख्यालगायकांनी आपला तासाभराचा राग त्या तीन मिनिटांत आटवून दाखविला, नाट्यगीताला तर ती मर्यादा मानवलीच. पोवाड्याला मात्र ती मानवणे शक्य नव्हते, कारण कथा आटली की पोवाड्याचा प्राणच आटतो. पोवाड्याच्या ज्या तबकड्या निघाल्या त्यांत गद्य गळाले, चौक एकदोनच उरले, आणि श्रोत्यांना पाहून बदलणारी रचना एकदाची गोठून गेली. ध्वनिमुद्रणाचा परवाना कोणाला द्यावा हे कंपनीच्या हाती, आणि कंपनीची दृष्टी विक्रीवर. त्यामुळे ज्याला रंगभूमीचे वा दरबाराचे वलय नव्हते असा शाहीर आपल्या हस्तलिखित बाडासह तबकडीच्या बाहेरच राहिला.

त्या बाहेरच्या जगात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली सत्यशोधकांच्या जलशांची. तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून, गण, संवाद आणि वग यांतून शेतकऱ्याचे कर्ज, पुरोहिताची दक्षिणा, शिक्षणाची निकड हे विषय मांडणारे हे जलसे गावोगाव फिरले. 1911 साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, शाहू छत्रपतींचा आश्रय चळवळीच्या पाठीशी होता, आणि करवीर संस्थानाच्या मुलखात, म्हणजे नेसरी-गडहिंग्लजच्या आसपासही, हे विचार गाण्याच्या मार्गानेच अक्षरशत्रू माणसांपर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते. दुसरी गोष्ट आंबेडकरी जलशांची, ज्यांत नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव अग्रभागी येते. या दोन्ही परंपरांतील मूळ सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे जवळजवळ नाही. जे आहे ते वह्यांत आणि वृद्धांच्या स्मृतीत आहे, आणि त्यातील किती वह्या वाळवीने खाल्ल्या असतील याचा विचार मनात आला म्हणजे जीव कळवळतो.

यानंतर जो काळ येतो त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या तरुणांना ज्या बंडखोर, कंपनीबाह्य, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या संगीताचे आकर्षण वाटते त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी रूप या काळात दिसते. वाळव्याजवळच्या वाटेगावी 1 ऑगस्ट 1920 रोजी जन्मलेले, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्याच्या आदल्याच वर्षी अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला होता. झोपडपट्टीत राहणारा आणि गिरणगावात वावरणारा एक मातंग तरुण व्होल्गाकाठच्या वेढ्याचे वर्णन अशा रीतीने करतो की लालबागच्या कामगाराला ते आपल्या चाळीच्या तोंडाशी चालले आहे असे वाटावे, यात त्या रचनेचे सामर्थ्य आहे. नेसरीच्या खिंडीचे वर्णन ऐकण्यास सरावलेल्या कानांना वेढा, शौर्य, मूठभर माणसे आणि अफाट शत्रू ही सामग्री ओळखीची होती. अण्णाभाऊंनी त्या जुन्या सामग्रीला नवा शत्रू आणि नवा नायक दिला.

स्वातंत्र्यानंतर लवकरच त्या वेळच्या मुंबई सरकारने तमाशावर आणि कलापथकाच्या प्रयोगांवर मनाई हुकूम काढले. ज्यांचे गाणे कोणत्याही तबकडीवर नव्हते त्यांचे गाणे जप्त करावयाचे तर माणसांनाच अडवावे लागते, आणि तसेच झाले. प्रयोग बंद पडला तर गाणी सभेत म्हटली गेली, सभेला परवानगी नसली तर गिरणीच्या फाटकाशी. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य हे रूप दिले, त्यामागे कलाविचार जेवढा होता तेवढीच या बंदीतून वाट काढण्याची निकडही होती. आपल्या सांस्कृतिक इतिहासात लोकनाट्याच्या उदयाचे श्रेय देताना हा मनाई हुकूम सहसा गाळला जातो, हे मला योग्य वाटत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा प्रवाह शिगेस पोहोचला. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड वरवर पाहता पोटासाठी मुंबईला आलेल्या नवऱ्याची विरहगाथा आहे. पण शेवटाकडे येताना ताटातूट झालेली ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावसह तुटून पडलेला मराठी मुलूख आहे, हे श्रोत्याच्या ध्यानात येते, आणि शृंगाराची चाल न बदलता गाणे राजकारणाचे होते. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ते लाखोंच्या सभांत गायिले गेले. नेसरीच्या परिसरात त्याचा अर्थ निराळ्याच तीव्रतेने लागला असला पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि बेळगावसह उरलेला प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे नेसरीच्या वेशीपलीकडचा शेजार एका दिवसात आपल्या जिल्ह्याचा झाला, आणि त्याच्या पलीकडची, सोयरिकींनी बांधलेली गावे परमुलखात पडली. ज्यांच्या लेकी सीमेपार दिलेल्या होत्या त्यांना मैना कोण हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्यांना या लेखातून एकच गाणे निवडायचे असेल त्यांनी ही छक्कड निवडावी, आणि ती एखाद्या गुळगुळीत वाद्यवृंदाच्या साथीने गायिलेली न ऐकता डफ-तुणतुण्यावर, झीलकऱ्यांसह गायिलेली शोधून ऐकावी.

याच काळात शाहिरीचा एक प्रवाह कंपनीच्या दारातून सन्मानाने आत गेला. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर कृष्णराव साबळे यांनी राजा बढे यांचे आणि श्रीनिवास खळे यांच्या चालीचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ गायिले, ते 2023 मध्ये राज्यगीत ठरले. साबळ्यांच्या आवाजातले गावरान पाणी तबकडीवरही आटले नाही, ही त्यांची थोरवी. कोल्हापुरातही पिराजीराव सरनाईक आणि लहरी हैदर यांच्यासारख्या शाहिरांनी डफाचा मान राखला, आणि हलगी-घुमक्याच्या या जिल्ह्यात पोवाड्याला श्रोता कधी कमी पडला नाही.

आता ‘शिवकल्याण राजा’कडे वळू, कारण वरील पार्श्वभूमीवर तिचे स्थान नीट कळते. सत्तरच्या दशकात लाँगप्ले तबकडी रुळली होती आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक ध्वनी मावत असे. त्या अवकाशाचा उपयोग मंगेशकरांनी असा केला की रामदास, कवी भूषण, सावरकर, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज यांच्या रचना एका सूत्रात ओवल्या आणि त्यांच्या दरम्यान बाबासाहेब पुरंदऱ्यांचे निवेदन ठेवले. लहान तबकडीने पोवाड्यातील जे गद्य कापले होते ते या मोठ्या तबकडीने परत आणले, आणि म्हणून ही मुद्रिका सुटी गाणी निवडून ऐकण्याची नाही, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकण्याची आहे, असा माझा आग्रह आहे. तिच्यात शाहिराचा रांगडेपणा नाही, मैदानातला धुरळा नाही; ध्वनिमुद्रणगृहाची नितळ शांतता आहे. नेसरीच्या गीतात तर विजयाचा उन्माद अजिबात नाही, कारण तिथे विजय नव्हताच. सरनौबताने फौज मागे ठेवून केलेली ती चूक होती, आणि तरीही ती चूक लोकांनी पराक्रम म्हणून जपली, हा ताण त्या चालीने अचूक पकडला आहे. अभिजात गायनाने लोकस्मृतीचे केलेले ते सर्वोत्तम ध्वनिमुद्रण होय, आणि नेसरीकरांनी त्याचा अभिमान बाळगावा यात नवल नाही.

पुढच्या दशकातली क्रांती मात्र संगीतकारांनी केली नाही, ती कॅसेटने केली. ज्या सुमारास हे यंत्र स्वस्त होऊन आपल्या बाजारपेठेत उतरले, त्याच्या थोडे आधी इंग्लंडात तरुणांची पंक नावाची एक संगीत-चळवळ उसळली होती, जिचे सार असे की चांगले वाजविता येण्याची वाट न पाहता, कोणाची अनुज्ञा न घेता, आपल्या वस्तीचा संताप आपल्याच शब्दांत गावा. 1977 च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या चमूने सुमारे 500 पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली, आणि मोठ्या कंपनीवाचून तबकडी निघू शकते याची खात्री त्या देशातील शेकडो पोरांना पटली. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्सचे राणीवरील गाणे बीबीसीने प्रसारणातून वगळले. या चळवळीचे मोल मी कमी मानीत नाही, आणि जिज्ञासूंनी ‘स्पायरल स्क्रॅच’ अवश्य ऐकावी. परंतु आमच्या कलापथकाने तीस वर्षे आधी यापेक्षा कितीतरी अधिक जोखीम पत्करून हेच केले होते, हे मराठी श्रोत्याने जाणून असावे.

कॅसेटने आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी मोडली. लहान उत्पादक निघाले, थोड्या भांडवलात हजार प्रती काढता येऊ लागल्या, आणि ज्यांना तबकडीच्या युगात कोणी विचारले नव्हते त्या भीमगीतांना एकाएकी बाजार मिळाला. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींच्या राशी विकल्या जाऊ लागल्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक, ज्यांनी हजारो गीते रचून ती गावोगाव फिरून गायिली, त्यांचे शब्द प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आदींच्या आवाजात महाराष्ट्रभर पसरले. चाली पुष्कळदा चित्रपटांतून उचललेल्या असत, ध्वनिमुद्रण घाईचे असे, आणि अभिरुचिसंपन्न मंडळी त्यांच्याकडे नाक मुरडीत. पण गाण्याचा हेतू जेव्हा माणसाला ताठ उभे करण्याचा असतो, तेव्हा चाल ओळखीची असणे हा दोष नसून सोय असते. किंबहुना लावणीच्या चालीवर राजकारण गाणारे अण्णाभाऊ हीच युक्ती वापरीत होते. उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ ज्याने ऐकले आहे त्याला या परंपरेच्या कलागुणांविषयी वेगळे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही.

या प्रवाहाची सर्वांत वेदनामय कथा शाहीर विलास घोगरे यांची आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत राहून गाणाऱ्या या कवीचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या 1985 च्या चित्रपटात ऐकू येतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली, आणि तो आघात असह्य होऊन काही दिवसांतच घोगऱ्यांनी आपले जीवन संपविले. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे राबून 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट पूर्ण केला. मी त्याला चित्रपट म्हणून जेवढा मानतो त्याहून अधिक एक ध्वनिसंग्रह म्हणून मानतो, कारण त्यात वस्त्यांतून, मोर्च्यांतून, अंगणांतून गायिली जाणारी जी गाणी आहेत ती अन्यत्र कुठेही अशा अवस्थेत, म्हणजे ज्यांच्यासाठी ती रचली त्यांच्याच मध्ये उभे राहून गायिलेली, मिळत नाहीत. त्याच चित्रपटात भेटणाऱ्या पुण्याच्या कबीर कला मंचातील काही कलावंत 2011 साली भूमिगत झाले आणि 2 एप्रिल 2013 रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. गाणे म्हणणाऱ्यास लपावे लागणे ही मराठी मुलखाला 1948 च्या सुमारासच ओळखीची झालेली गोष्ट होती.

शिवाजी आणि शाहिरी यांचा दुवा आमच्या काळात पुन्हा जोडला तो संभाजी भगत यांनी. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या 2012 च्या नाटकाचे संगीत त्यांचे. जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी सादर केलेल्या या नाटकात पोवाडा पुन्हा आपल्या पूर्ण लांबीने, गद्यासह, प्रश्नोत्तरांसह उभा राहिला, आणि रयतेच्या राजाला रयतेकडे परत देण्याची मागणी डफावर गायिली गेली. 2014 च्या ‘कोर्ट’ या चैतन्य ताम्हाणे यांच्या चित्रपटातील शाहिराची गाणीही भगतांचीच. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या त्या वृद्ध शाहिरावर खटला भरला जातो तो केवळ एका गाण्यापायी. नेसरीचे गीत ज्यांना पाठ आहे त्यांनी या नाटकाचे पोवाडे त्यालगत ऐकावेत, अशी माझी तळमळीची विनंती आहे, कारण ‘शिवकल्याण राजा’त जो राजा सिंहासनावर दिसतो तोच येथे माणसांच्या गर्दीत उतरलेला ऐकू येतो, आणि दोन्ही रूपे आपल्या परंपरेला अगदी शिवकालापासून ठाऊक आहेत.

शेवटची शिफारस सर्वांत अलीकडची. मुंबईतील ‘स्वदेसी’ या तरुणांच्या चमूने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले, ज्यात आरेच्या जंगलातील पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात, आणि पुढच्या वर्षी ‘चेतावनी’ हा आल्बम प्रसिद्ध केला. अमेरिकेतील रॅपचा ठेका, मराठी, हिंदी आणि अन्य भाषांची सरमिसळ, यंत्रांतून काढलेले नाद हे सारे जुन्या कानांना प्रथम खटकेल. पण ओळीच्या शेवटी सारा चमू एकत्र येऊन शब्द उचलतो तिथे झीलकरी ओळखू येतात, आणि ताल थांबवून बोलण्यात शिरणारा गायक चौकाच्या अखेरीस गद्यावर उतरणाऱ्या शाहिराचाच वंशज आहे. ज्या वर्षी ते वारली गाणे निघाले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली. गाणे आजही तिथल्या पाड्यांवर म्हटले जाते.